धावपटूचे घट्ट मोजे : गरज की हौस?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

धावणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याला ना बॅट लागते, ना जाळे, ना क्लबची वर्गणी. दोन पाय आणि मोकळी वाट असली की झाले! परंतु अलीकडे या स्वस्त व्यायामाभोवतीही एक बाजारपेठ उभी राहिली आहे. भारी बूट, मनगटावरचे घड्याळ, घाम शोषणारा सदरा, आणि या यादीत आता भर पडली आहे ती पोटरीवर घट्ट बसणाऱ्या मोज्यांची. काही मोजे तळपायापासून गुडघ्यापर्यंतचे असतात. काहींना पाऊलच नसते, नुसती पोटरीवर चढवायची नळी असते. तिला सगळे 'स्लीव्ह' म्हणतात. दुकानदार सांगतो, 'हे घातले की पाय थकत नाहीत, वेग वाढतो, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखत नाहीत.' हे खरे आहे काय? असल्यास किती खरे? आणि तुमच्या-माझ्यासारख्या विद्यार्थ्याने त्यासाठी पैसे मोडावेत काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न कोणाचा?

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोज्यांवर लेख लिहावा एवढे काय त्यात आहे? त्याचे उत्तर आपल्या परिसरातच मिळते. निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवर हौसेने धावणारे पुष्कळ आहेत. पण चाकण, आळंदी, भोसरी, राजगुरुनगर या बाजूला पहाटे जी मुलेमुली धावताना दिसतात, त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नोकरी असते. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यांतले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यावर मिळतात. उरलेले १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांवर. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हापासून आपल्या भागातील मुलांना ही वाट अधिकच जवळची वाटू लागली. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर योजनेतही १६०० मीटरची धाव आहेच.

अशा परीक्षेत दोन-चार सेकंदांनी गुण जातात आणि एका गुणाने नोकरी जाते. साहजिकच 'मोज्यांनी वेग वाढतो' हे वाक्य ऐकताच मुलाचा हात खिशाकडे जातो. त्या खिशातले पैसे बहुधा बापाच्या जादा पाळीचे, नाहीतर आईच्या भिशीचे असतात. म्हणून या प्रश्नाकडे हौस म्हणून पाहून चालणार नाही.

थोडा इतिहास

पायाला घट्ट आवरण घालण्याची कल्पना नवी नाही. जुन्या फौजेतील शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळीत. आपल्याकडचा 'पट्टी' हाच शब्द इंग्रजीत 'पटी' होऊन गेला आणि पहिल्या महायुद्धात युरोपातल्या खंदकांपर्यंत पोहोचला.

आजच्या शास्त्रीय मोज्याचा जनक मात्र एक रुग्ण होता. अमेरिकेतील टोलेडो शहरी कॉनराड जोब्स्ट नावाचे एक यंत्र-अभियंते राहत. त्यांना पायांच्या नीलांचा जुनाट विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की दुखणे कमी होते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याचे कारण त्यांनी अभियंत्याच्या नजरेने शोधले. पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो. म्हणजे तलावात उभ्या माणसाच्या घोट्यावर सर्वांत अधिक दाब पडतो, गुडघ्यावर त्याहून कमी आणि मांडीवर आणखी कमी. हाच चढता-उतरता दाब कापडातून देता आला तर? १९५० च्या सुमारास त्यांनी असे मोजे तयार केले. घोट्यापाशी घट्ट आणि वर जाता जाता सैल, हे त्यांचे मुख्य लक्षण होय.

रुग्णालयातला हा मोजा मैदानावर यायला बराच काळ लागला. २००३ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इंग्लंडच्या पाउला रॅडक्लिफ यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. महिलांचा हा विक्रम पुढे सोळा वर्षे टिकला. त्या गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावत. जगाने त्यांचे मोजे पाहिले. त्यांचा आठवड्याला दोनशे किलोमीटरहून अधिक धावण्याचा सराव मात्र कोणाला दूरचित्रवाणीवर दिसला नाही. बाजार नेहमी दिसणारीच गोष्ट विकतो.

रक्त वर कसे चढते?

मोज्याची पारख करायची तर आधी पायातले रक्ताभिसरण समजून घेतले पाहिजे. हृदय रक्त खाली ढकलते, हे आपण शाळेत शिकलो. पण पायात गेलेले रक्त पुन्हा वर कसे येते? विहिरीतले पाणी आपोआप वर येत नाही, तसेच हेही रक्त आपोआप वर येत नाही.

सरळ उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो आणि रक्त पाण्याहून किंचित जड असते. म्हणून स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलांत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. (डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, तेच हे माप.) हा दाब सतत राहिला की रक्तातील पाणी बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपते आणि पाय सुजतो.

निसर्गाने यावर दोन उपाय केले आहेत. एक म्हणजे नीलांतील झडपा. पाडुआचे शिक्षक फॅब्रिशियस यांनी त्यांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना त्यांचा आधार घेतला. या झडपा रक्ताला वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे पोटरी. पाऊल उचलले की पोटरीचा स्नायू आवळतो, आतील नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात ते उगीच नव्हे. माणूस चालू लागला की घोट्याजवळचा तो ९० चा दाब ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो.

या लेखाचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. धावणाऱ्याचा पंप मिनिटाला कितीतरी वेळा चालू असतो. उभ्या माणसाचा पंप बंद असतो. मग बाहेरून दाब देणाऱ्या मोज्याची अधिक गरज कोणाला?

विक्रेत्यांचे दावे

मोज्यांच्या वेष्टनावर साधारण चार दावे आढळतात.

पहिला दावा रक्त लवकर परतण्याचा. तो स्थिर माणसाच्या बाबतीत खरा आहे. धावताना पोटरीच ते काम जोरात करीत असल्याने मोज्याला करण्याजोगे फार थोडे उरते.

दुसरा दावा स्नायूंचा हादरा कमी होण्याचा. पाऊल जमिनीवर आदळले की पोटरी आणि मांडी थरथरतात; घट्ट आवरणाने ही थरथर खरोखरच कमी होते. पण थरथर कमी झाली म्हणून थकवा कमी होतो, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

तिसरा दावा लॅक्टिक आम्लाचा. हे आम्ल साचते म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि मोजा ते काढून टाकतो, असे सांगितले जाते. हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. श्रमात तयार झालेले लॅक्टेट विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्वस्थितीला येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची दुखण त्यामुळे होत नाही. ती सवयीपेक्षा अधिक श्रमाने, विशेषतः उतारावर धावल्याने, स्नायूंच्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेची असते.

चौथा दावा दुखणे कमी होण्याचा. चारही दाव्यांत याच्यातच थोडे तथ्य आहे, असे पुढे दिसून येईल.

प्रयोग काय सांगतात?

नुसत्या तर्काने निर्णय होत नाही. जर्मनीत केमलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली २१ पुरुष धावपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना यंत्राच्या पट्ट्यावर वेग वाढवीत वाढवीत दमेपर्यंत धावविले. साध्या मोज्यांत ते सरासरी सुमारे ३५ मिनिटे टिकले, घट्ट मोज्यांत सुमारे ३६.४ मिनिटे. फरक लहान, पण लक्षणीय होता. मात्र आपण कोणते मोजे घातले आहेत हे धावणाऱ्याला ठाऊक होते. शिवाय दमेपर्यंत टिकणे वेगळे आणि ठरलेले अंतर कमी वेळात कापणे वेगळे. भरतीत मोजतात ते दुसरे.

२०१६ साली एंगेल, होल्मबर्ग आणि श्पर्लिश यांनी धावपटूंवरील ३२ अभ्यास एकत्र करून आढावा घेतला. ४०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या अंतरांत शर्यतीच्या वेळेवर मोज्यांचा म्हणण्यासारखा परिणाम त्यांना सरासरीने दिसला नाही. दमेपर्यंत टिकण्याच्या वेळेत आणि काही शारीरिक मापांत बारीकसा लाभ आढळला. आणि श्रमानंतरच्या स्नायूंच्या दुखण्यात मात्र बऱ्यापैकी फरक दिसला.

२०१७ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे अजित चौधरी आणि सहकारी यांनी २० धावपटूंना घट्ट विजारी घालून व न घालता अर्धा-अर्धा तास धावविले. विजारीने स्नायूंची थरथर कमी झाली, पण थकवा काही कमी झाला नाही. विशेष म्हणजे या अभ्यासाला पैसा क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपनीचाच होता. तरीही निष्कर्ष विक्रीला सोयीचा निघाला नाही, म्हणून तो अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता दुसरी बाजू. २०१४ साली हिल आणि सहकाऱ्यांनी १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखविले की, श्रमानंतर घट्ट कपडे घातल्याने स्नायूंची दुखण मध्यम प्रमाणात कमी होते. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील आर्मस्ट्राँग आणि सहकारी यांनी ३३ मॅरेथॉनपटूंना शर्यत संपल्यावर ४८ तास मोजे घालावयास दिले. काहींचे मोजे दाब देणारे होते, काहींचे दिसायला तसेच पण बिनदाबाचे होते. दोन आठवड्यांनी पुन्हा दमेपर्यंत धावविले असता दाबाच्या मोज्यांचा गट पूर्वीपेक्षा सुमारे २.६ टक्के अधिक वेळ टिकला, तर दुसरा गट सुमारे ३.४ टक्के कमी.

या सर्वांचे सार असे : धावताना मोजा घालून वेग वाढेल अशी आशा धरू नये. खूप लांब धावल्यानंतर तो घालून बसल्यास किंवा झोपल्यास पाय लवकर सावरण्यास थोडी मदत होणे शक्य आहे. आणि १६०० मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉनइतकी इजाच होत नसल्याने त्याच्या वाट्याला ही मदतही थोडीच येणार.

मनाचा वाटा

'पण मला घातल्यावर बरे वाटते,' असे धावणारे मित्र सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. घट्ट मोज्याचा स्पर्श सतत जाणवत राहतो आणि पाय सावरून धरल्यासारखा वाटतो. त्यातच तो विश्वासाने विकत घेतलेला असतो. औषध नसलेल्या गोळीनेही काही रुग्णांना उतार पडतो, तसेच हे. गोळीच्या प्रयोगात दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्या देता येतात. मोज्याचा दाब मात्र पायाला लगेच कळतो. म्हणूनच मोज्यांवरील प्रयोग करणे अवघड असते आणि त्यांचे निष्कर्ष जपून वाचावे लागतात.

विश्वासाची किंमत असते, हे मान्य. पण तोच विश्वास सरावातूनही मिळतो आणि तो अधिक टिकाऊ असतो. बिहारचे शिवनाथ सिंग अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध होते. १९७८ साली जालंधर येथे त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. आपल्या महाराष्ट्रात सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक पटकावले. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून धावणाऱ्या लता करे यांची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. पतीच्या उपचारासाठी त्या धावल्या. साधने नकोत असे यातून मला सुचवायचे नाही. चांगले बूट लागतात, चांगले मैदान लागते. पण आधी काय आणि नंतर काय याचा क्रम या माणसांकडून शिकता येतो.

खरी गरज कोणाची?

आता मघाशी मनात धरलेल्या प्रश्नाकडे वळू. ज्याचा पोटरीचा पंप बंद असतो, अशी माणसे आपल्या परिसरात कोण आहेत? ती हजारोंनी आहेत आणि ती आपल्या घरांत राहतात.

पिंपरी-चिंचवड-चाकण हा पट्टा उभ्या माणसांच्या श्रमावर चालतो. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत झाली, मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, मग हा पसारा चाकणपर्यंत गेला. जुळणीच्या साखळीवर, प्रेसवर, तपासणीच्या टेबलावर माणूस एका जागी उभा राहतो. पाळी आठ तासांची. त्यात कंपनीच्या बसमधला वेळ निराळा. तो चालत नाही आणि बसतही नाही. रक्ताच्या त्या ९० मिलिमीटरच्या स्तंभाखाली त्याचे पाय दिवसभर उभे असतात.

डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या लोकांची बारा वर्षे नोंद ठेवून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक वेळ उभ्याने काम करणाऱ्यांना फुगलेल्या नीलांसाठी, म्हणजे 'व्हेरिकोज व्हेन्स'साठी, रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेदोन पट आढळली. स्त्री-पुरुष दोघांतही हेच प्रमाण होते. दुसरीकडे व्हिएन्नाचे डॉक्टर पार्ट्श आणि सहकारी यांनी २००४ साली असे दाखविले की, ११ ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतक्या हलक्या दाबाच्या मोज्यांनीही कामावरून परतताना येणारी संध्याकाळची सूज कमी होते किंवा येतच नाही. धावपटूंबाबत जो पुरावा डळमळीत आहे, तो उभ्या कामगाराच्या सुजेबाबत बराच स्पष्ट आहे.

माझी आई चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मोटारींच्या वायरी जोडण्याच्या विभागात काम करते. संध्याकाळी ती घरी आली की घोट्याशी बोटाने दाबल्यास खड्डा पडत असे. 'उभं राहून राहून असंच होतं गं, सगळ्याजणींचं होतं,' असे ती म्हणे. डॉक्टरांनी तपासून गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे सांगितले आणि रात्री पायाखाली उशी घ्यायला सांगितले. तिने पहिल्यांदा किंमत विचारली आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून कागद फडताळात ठेवला. त्याच आठवड्यात गल्लीतल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी वर्गणी काढून स्लीव्ह मागविले होते. दोन्ही वस्तू एकाच जातीच्या. पण ज्या पायांना गरज होती ते पाय थांबले आणि ज्यांना फारशी नव्हती ते पुढे गेले. ही गोष्ट मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आईचे मोजे पुढे आलेच. आता ते रोज रात्री दोरीवर वाळत असतात आणि घोट्यावरचा खड्डा उथळ झाला आहे. पण आपल्या घरांतील खर्चाचा क्रम कसा ठरतो, हे त्या दिवशी मला समजले.

अर्थात मोजा हा उभ्या श्रमाचा पूर्ण इलाज नव्हे. खरा इलाज म्हणजे बसायला मिळणे. १९४८ सालच्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा विश्रांती घेता यावी म्हणून बसण्याची सोय करण्याचे बंधन कारखानदारावर घातले होते. दुकानांतील नोकरांसाठी केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला. एक स्टूल हे कोणत्याही मोज्यापेक्षा स्वस्त साधन आहे!

घ्यायचाच तर कसा घ्यावा?

एकाच ताणाची रबरी नळी बारीक जागी अधिक दाबते आणि जाड जागी कमी. दाब हा ताण भागिले त्रिज्या या प्रमाणात असतो, असे भौतिकशास्त्र सांगते. म्हणून आपल्या पायाच्या मापाचाच मोजा हवा. घोट्याचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. सकाळी, पाय सुजण्यापूर्वी मोजलेले माप खरे. 'सर्वांना बसेल' असे लिहिलेला मोजा नेमका कोणालाच बसत नाही.

वेष्टनावर दाब मिलिमीटर पाऱ्यात छापलेला आहे काय, ते पाहावे. १५ ते २० हा हलका दाब. २० ते ३० आणि त्यापुढचा दाब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. जिथे आकडाच नाही तिथे आपण नुसते घट्ट कापड विकत घेत आहोत, असे समजावे.

मोज्याची वरची कड कधीही दुमडू नये. हार्वे यांनी दंडाला मध्यम घट्ट पट्टी बांधून दाखविले होते की, पट्टीच्या खालच्या नीला फुगतात. कारण आत येणारे रक्त येत राहते आणि परत जाणारे अडते. दुमडलेली कड पोटरीवर हेच करते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी किंवा पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या अरुंद झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मोजे घालू नयेत. एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना आली तर मोजा चढवीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

सर्वमान्य वाटणारी गोष्टही तपासावी लागते, याचे एक उदाहरण देते. पक्षाघाताच्या रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मांडीपर्यंतचे मोजे घालण्याची रीत होती. २००९ साली २,५०० हून अधिक रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले की, मोज्यांनी गुठळ्यांचे प्रमाण कमी झाले नाही. उलट त्वचेच्या जखमा वाढल्या. डॉक्टरांनीही आपली रीत तपासून पाहिली, मग आपण दुकानदाराचे वाक्य न तपासता का स्वीकारावे?

स्वतः तपासून पाहा

ज्यांच्याकडे मोजे आधीच आहेत त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. एक मित्र, एक घड्याळ आणि एक वही पुरे. मैदान तेच, बूट तेच, वेळ सकाळची तीच. आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे १६०० मीटर (मुलींनी ८०० मीटर) पूर्ण जोराने धावावे. आठ चिठ्ठ्यांपैकी चारांवर 'मोजे' आणि चारांवर 'बिनमोजे' लिहावे आणि रोज एक चिठ्ठी उचलून त्याप्रमाणे धावावे. म्हणजे 'आज अंगात जोर आहे, आज मोजे घालतो' अशी मनाची लबाडी चालणार नाही. वेळ मित्राने नोंदवावी आणि आठवे धावणे होईपर्यंत सांगू नये. दुसऱ्या दिवशी पायांच्या दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यावेत.

शेवटी दोन्ही सरासऱ्या काढाव्यात. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. बिनमोज्यांच्या चार वेळांतच एकमेकींत किती फरक आहे, हेही पाहावे. तो फरक सहा सेकंदांचा असेल आणि दोन सरासऱ्यांतला फरक दोन सेकंदांचा, तर मोज्यांनी काही केले असे म्हणता येणार नाही. झोप, ऊन आणि आदल्या रात्रीचे जेवण यांनीही तेवढा फरक पडतो.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर भरतीसाठी धावणाऱ्याने आपले पैसे प्रथम पायांना बसणाऱ्या बुटांवर, पोटभर सकस जेवणावर आणि गरज पडल्यास मैदानापर्यंतच्या बसभाड्यावर खर्च करावेत. सराव हळूहळू वाढवावा, डांबरी रस्त्याऐवजी मातीची वाट धरावी, झोप पुरी घ्यावी. हे सर्व झाल्यावर पैसे उरले आणि लांब पल्ल्याची आवड असली, तर धावल्यानंतर घालायला मोजे घेण्यास हरकत नाही. वेग मिळेल म्हणून मात्र घेऊ नयेत.

ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा दिवसभर चाललेल्या वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी माणसे आपण पाहतो. श्रमलेल्या पायांची सेवा करावी ही समज आपल्या मातीत आहेच. तीच समज रोज तीन पाळ्यांत उभ्या राहणाऱ्या पायांपर्यंत पोहोचावी. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने जिमखान्याच्या मदतीने आणि एखाद्या डॉक्टरांना बोलावून एक दिवस पाय-तपासणीचे शिबिर घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी स्वतःबरोबर घरातील उभ्याने काम करणाऱ्या एका माणसाला आणावे. टेप, वही आणि दोन खुर्च्या एवढ्या साहित्यावर हे शिबिर होऊ शकेल. घेर मोजून घ्यायला मी आनंदाने बसेन.